वाटाणा, आगकाड्या आणि दादासाहेब फाळके: आपल्याकडचं ॲनिमेशन असं सुरू झालं

तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात ‘टाइमलॅप्स’ नावाचा पर्याय असेल. तासभराचे ढग दहा सेकंदांत पळताना दाखवणारा. हेच काम शंभरहून जास्त वर्षांपूर्वी दादरच्या एका घरात झालं होतं. समोर कुंडीत वाटाण्याचं रोप, हातानं फिरवायचा कॅमेरा आणि त्याच्या मागे पंचेचाळिशीकडे झुकलेला एक माणूस. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके.

दादासाहेब म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो आणि गोष्ट तिथेच संपते. मला त्यांची दुसरी बाजू सांगायची आहे. मी मूळचा रोह्याचा, शिक्षणानं इंजिनिअर, पोटापाण्याला सॉफ्टवेअर. सुट्टीत गावी गेलो की रोह्यात आणि पेणला नातेवाइकांची, शेजारपाजारची चार ते आठ वर्षांची पोरं जमवतो आणि फोनवर छोट्या ॲनिमेशन फिल्म बनवायचा उद्योग करतो. ही पोरं रोज मोबाइलवर कार्टून बघतात. पण ते कुणीतरी हातानं बनवलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं. ते समजावताना मला दरवेळी फाळक्यांचाच उपयोग होतो.

आधी हात तयार झाले

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. पंधराव्या वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथून बडोद्याच्या कलाभवनात. तिथे रंगकाम, मातीकाम, फोटोग्राफी, छपाई असं जे जे समोर आलं ते शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाचं मॉडेल बनवून त्यांनी सुवर्णपदकही मिळवलं.

पुढची वीस वर्षं वाचताना आपल्याला वाटेल, हा माणूस एका जागी टिकतच नाही. गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, स्टुडिओ बंद पडला. बडोद्याला परतल्यावर एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले. १९०२ मध्ये पुन्हा लग्न केलं. या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, त्या पुढे येतीलच. १९०३ मध्ये सरकारच्या पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी धरली. स्वदेशीची चळवळ पेटली तशी ती सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा धंदा सुरू केला. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी कामं केली. १९०९ मध्ये रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसलं आणि तोही धंदा सुटला.

आता ही यादी इंजिनिअरच्या नजरेनं बघा. चित्रकला, मातीकाम, कॅमेरा, रसायनं वापरून फोटो धुणं, यंत्र चालवणं, जादू. सिनेमा बनवायला जे जे लागतं ते सगळं यात आहे. फक्त सिनेमा तोपर्यंत त्यांच्या आयुष्यात आलेला नव्हता.

गिरगावातला तंबू

तो आला १९११ च्या आसपास. गिरगावात तंबूतल्या एका थिएटरात त्यांनी हलती चित्रं पाहिली. तिथेच येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली आणि डोक्यात एकच गोष्ट बसली. पडद्यावर ख्रिस्त येऊ शकतो, तर राम आणि कृष्ण का नाही? ते आपण इथेच, आपल्याच माणसांकडून का नाही करायचं?

वय एक्केचाळीस. हातात धंदा नाही, घरात लहान मुलं. अशात त्यांनी मिळेल ती फिल्म, मिळेल ते पुस्तक, मिळेल तो कॅटलॉग मिळवून अभ्यास सुरू केला. रोज तासन् तास फिल्म बघून डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारानं डोळे वाचले. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठलं. तिथे ‘बायस्कोप’ नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मदत केली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघायला मिळालं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकच्या कोऱ्या फिल्मची व्यवस्था करून साधारण दोन महिन्यांत ते परत आले.

वाटाण्याचा डेमो

कॅमेरा आला, पण भांडवल? इथे हलत्या चित्रांचा धंदा होईल यावर विश्वास ठेवून पैसे कोण लावणार? आजच्या भाषेत फाळक्यांना गुंतवणूकदारांसमोर डेमो द्यायचा होता. नट नाहीत, सेट नाही, कपडेपट नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि रोप वाढत जाईल तसं एकेक चित्र घेत गेले. महिनाभरानं हाती आली ती ‘अंकुराची वाढ’ ही छोटीशी फिल्म. बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते, सगळं डोळ्यांदेखत. ती पाहून पैसे देणारे तयार झाले.

हे चालतं कसं, ते थोडं तांत्रिक भाषेत. त्या काळच्या मूक फिल्ममध्ये सेकंदाला साधारण १६ चित्रं असायची. कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की सहसा आठ चित्रं निघत, म्हणजे सेकंदाला दोन फेरे. चित्र घ्यायचा वेग आणि दाखवायचा वेग सारखा असेल तर हालचाल नेहमीसारखी दिसते. पण एक चित्र घेतलं, तासभर थांबलो, मग दुसरं घेतलं, आणि दाखवताना मात्र सेकंदाला १६ दाखवली, तर सोळा तास एका सेकंदात मावतात. टाइमलॅप्स म्हणजे एवढंच. तुमचा फोनही हेच करतो.

फाळक्यांनी दिवसाला एक चित्र घेतलं असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. जरा गणित करा. महिन्याची तीस चित्रं म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. पापणी लवेपर्यंत फिल्म संपली, यावर कोण पैसे लावेल? मिनिटभराची फिल्म हवी तर ६० गुणिले १६, म्हणजे ९६० चित्रं लागतात. तीस दिवसांत वाटली तर रोजची ३२. म्हणजे हा माणूस दिवसातून अनेकदा त्या कुंडीपाशी येऊन, उजेडाचा अंदाज घेऊन, कॅमेऱ्याला धक्का न लावता चित्र घेत राहिला असणार.

आमच्या रायगडात यासाठी वाटाणा शोधायची गरज नाही. भात निघालं की शेतात वाल येतोच, आणि बिरड्यासाठी मोड आणलेले कडवे वाल घरात असतातच. रोह्यात मी पोरांना तेच करायला लावतो. काचेच्या ग्लासात ओला कापूस, काचेला चिकटून मोड आलेला एक वाल. घरातला जुना फोन डब्याला टेकवून उभा करायचा, चार्जरला लावायचा आणि इंटरव्हल ॲपमध्ये दर दहा मिनिटांनी एक फोटो असं सेटिंग करायचं. दिवसाचे १४४ फोटो, सहा दिवसांचे ८६४. सेकंदाला १६ च्या वेगानं ५४ सेकंदांची फिल्म. दोन गोष्टी लक्षात ठेवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर फिल्म लुकलुकते. आणि खिडकीचा बदलता उजेड टाळून एक छोटा दिवा सतत चालू ठेवा.

सहा दिवस थांबायचं, हे पाच वर्षांच्या मुलाला पटत नाही. म्हणून प्रत्येकानं रोज वहीच्या कोपऱ्यात त्या कोंबाचं एक चित्र काढायचं, असा नियम आहे. शेवटच्या दिवशी पानं भरभर उलटली की वहीतही वाल वाढतो. फोनवरच्या फिल्मपेक्षा पोरं त्या वहीनंच जास्त खूश होतात, कारण ती त्यांनी स्वतः वाढवलेली असते.

घर हाच कारखाना

पैसे उभे राहिले, त्यात सरस्वतीबाईंचे दागिनेही होते. दादरच्या राहत्या घरातच ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू झाला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

सरस्वतीबाईंचं काम मला नेहमी सगळ्यात जास्त थक्क करतं. त्या काळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. कडेची भोकं घरी, अंधारात पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्यापासून शूटिंगला आलेल्या सगळ्यांच्या जेवणापर्यंत त्याच बघत होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ साधारण ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चित्रं बसतात आणि प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं लागतात. हिशेब केला तर ५९,२०० चित्रं आणि पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं. हे फक्त एका प्रतीचं. एक भोक वेडंवाकडं पडलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. आपल्याकडच्या पहिल्या फिल्म टेक्निशियनमध्ये त्यांचं नाव घ्यायला हवं, ते क्वचितच घेतलं जातं.

३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ दोन्ही नाशिकला हलवलं.

आगकाड्यांची मौज

१९१४ मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊन आले. तिथे त्यांच्या फिल्मचं कौतुक झालं, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातल्या योजना बारगळल्या. नाशिकमध्ये पैशाची ओढाताण सुरू झाली. याच काळात त्यांनी काही छोट्या फिल्म केल्या, आणि त्यातली १९१५ ची ‘आगकाड्यांची मौज’ आपल्या कामाची आहे. नट म्हणजे काडेपेटीतल्या काड्या. त्या आपोआप सरकतात, जुळतात, आकार करतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांची अशीच एक फिल्म केली होती. म्हणजे जगात जे नवं चाललं होतं, ते सात वर्षांत नाशिकमध्ये एका माणसाच्या टेबलावर पोचलं होतं.

याला म्हणतात स्टॉप मोशन. टाइमलॅप्समध्ये वस्तू स्वतः बदलते आणि आपण वाट बघतो. स्टॉप मोशनमध्ये वस्तू निर्जीव असते, ती आपण हलवतो. काडी किंचित सरकवा, हात बाजूला घ्या, एक चित्र घ्या. पुन्हा सरकवा. दाखवताना हात कुठेच दिसत नाही, म्हणून काडी जिवंत वाटते. मूळचा जादूगार असलेल्या माणसाला ही हातचलाखी आवडली नसती तरच नवल. फाळके पडद्यावर जादूगार म्हणूनही आले. नाव काय घेतलं, तर प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा.

लहान मुलांच्या हातात आगकाड्या द्यायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पेणमध्ये त्याची गरजही नाही. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांमुळे पेणच्या पोरांना माती नवी नसते. पेण, हमरापूर, जोहे भागात घराघरांत मूर्ती घडताना ती बघतात, काहींच्या घरचाच व्यवसाय असतो. मूठभर शाडूची माती मिळाली की काम सुरू. गोळ्याची लांब वळी, वळीचा साप, साप पाटावरून सरपटत जातो. फोन दोन उंच डब्यांवर आडवा ठेवून कॅमेरा खाली करायचा. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे ॲप यासाठी सोपं आहे. त्यात आधीचं चित्र पुसट दिसत राहतं, त्यामुळे वस्तू किती सरकवायची ते कळतं. सेकंदाला आठ चित्रं पुरतात, म्हणजे २४ फोटोंत तीन सेकंदांचा साप तयार.

पोरांना मी तीनच शब्द शिकवतो: हलव, हात काढ, फोटो. सुरुवातीला कुणाची तरी बोटं चित्रात येतातच. मग फिल्म बघताना सापाजवळ मधेच एक बोट चमकून जातं आणि सगळे खिदळतात. पण तेवढ्यात त्यांना कार्टूनचं गुपित कळलेलं असतं. त्यानंतर टीव्हीवरचं कार्टून बघताना एखादी मुलगी हमखास विचारते, याचे फोटो किती काढले असतील? मला हा प्रश्न हवा असतो. नुसतं बघणाऱ्या मुलाला तो पडत नाही. तीन वर्षांखालची भावंडं जवळ असतील तर वाल, मणी असल्या बारीक वस्तू मात्र दूर ठेवा, ती तोंडात घालतात.

कसं करतात, तेही दाखवलं

१९१७ मध्ये फाळक्यांनी ‘लंका दहन’ केला. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. फिल्म तुफान चालली. त्याच सुमाराला त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ अशी एक फिल्म काढली. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात, नटांना शिकवताना, फिल्म तपासताना. आज आपण ज्याला एक्सप्लेनर व्हिडिओ म्हणतो, तोच हा. आपली विद्या कुलूपबंद ठेवायची रीत असलेल्या काळात या माणसानं पडद्यावरच पडद्यामागचं दाखवलं. मराठी मासिकांतून लेखही लिहिले.

१९१८ मध्ये मुंबईच्या भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कंपनी मोठी झाली तसे पैशांवरून वाद वाढले. एका टप्प्यावर फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहिलं. १९२२ मध्ये परतले, कामही केलं, पण घरातल्या कारखान्याचे ते दिवस परत आले नाहीत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ मध्ये कोल्हापुरात तयार झाला. त्यानंतर ते नाशिकमध्येच राहिले. हाती फारसं काही उरलं नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. २०१८ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गुगलनं डूडल केलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट बघितला.

ॲनिमेशनचं काय झालं? काड्या सरकवायला जेवढा वेळ लागतो त्या मानानं तिकिटाचे पैसे कमी मिळतात. लोकांना मोठे पौराणिक चित्रपट हवे होते, आणि पगार देऊन माणसं सांभाळायची तर तेच करावे लागत होते. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभातनं ‘जंबू काका’ आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘पी ब्रदर्स’ ही कार्टूनं काढली. ‘आगकाड्यांची मौज’नंतर मधे जवळपास वीस वर्षं गेली होती.

आणि ‘आगकाड्यांची मौज’ आज बघायला मिळत नाही. एकही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी आणि न पेटली तरी हळूहळू कुजणारी. प्रती मोजक्याच. जुन्या फिल्म जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर फाळक्यांच्या बहुतेक फिल्म गेल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘कालिया मर्दन’, ‘चित्रपट कसे तयार करतात’ यांचे तुकडे वाचले, तेवढे इंटरनेटवर मिळतात. मुलांबरोबर नक्की बघा.

तुमच्या घरातल्या पोरानं वालाची किंवा मातीच्या सापाची फिल्म केली, तर ती फक्त एका फोनमध्ये ठेवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना तिचा दर्जा घसरतो, म्हणून मूळ फाइल ड्राइव्हवर टाका आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. फाइलच्या नावात मुलाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.